बर्फाचं उत्तर आणि कांबळे सर

शाळेत बावीस वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात, टाकायचे म्हटले तरी टाकवत नाहीत. माझ्याकडचे तर एकाच प्रश्नाभोवतीचे आहेत : उंच शिखरांवर बारा महिने बर्फ का असतो? मी मराठीची बाई, माझा बर्फाशी संबंध काय? पण स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी भूगोलाचे कांबळे सर बसायचे. सहा वर्षं टेम्पररी! पर्मनंट होऊ या आशेवर जीव ओतून शिकवायचे. हे सगळं नव्वदच्या दशकातलं, कोडोलीकडच्या आमच्या हायस्कूलमधलं.

*

नववीत सुवर्णा नावाची पोरगी उठली. "सर, डोंगर उंच म्हंजे सूर्याच्या जवळ. मग तिथं ऊन जास्त लागाय पायजे की!"

आधीच्या सरांनी "पुस्तकात न्हाय ते इचारू नको" म्हणून तिला बसवलं होतं. कांबळे सरांनी अख्खा वर्ग उठवून शेजारच्या गुऱ्हाळात नेला! काहिलीत रस उकळत होता.

"चुलीजवळ उभारा. आता लांब जावा. गार लागतंय न्हवं? सूर्य जमीन तापवतोय आन् जमीन हवेला. जमीन ही चूल. वर जाल तशी हवा इरळ, तिला ऊब धरवत न्हाय. वर पांढरा बर्फ ऊन परत फेकतोय. म्हणून पडतोय जास्त, वितळतोय कमी."

दुसऱ्या दिवशी हेडसरांचा मेमो आला : "तासाच्या वेळी विद्यार्थ्यांना उसाचा रस पाजणे."

सर म्हणाले, "रस कुठला? गुळव्या आमास्नी हाकलत हुता!"

*

तालुक्याच्या चाचणीत नेमका हाच प्रश्न आला. पेपर दुसऱ्या शाळेत तपासायला जायचे, सोबत छापील उत्तरं असायची. छापलेलं होतं, "कारण तेथे थंड वारे वाहतात." आमच्या वर्गानं सरांचं उत्तर लिहिलेलं. सगळ्यांना शून्य!

सर सायकल मारत भांडायला गेले. तिथल्या मुख्य परीक्षकांनी चहा पाजला. "कांबळे, उत्तर तुमचंच बरोबर हाय. पण छापलंय ते छापलंय. पोरांस्नी चुकीचं शिकवा की, मार्क पडतील!"

निकालाच्या मीटिंगमध्ये हेडसरांनी सरांना उभं करून झापलं. मी शेजारीच होते. मीटिंगच्या वहीत सही केली.

*

शेवटी पर्मनंटची जागा निघाली. उमेदवार दोन. एक कांबळे सर, दुसरा संस्थेच्या चेअरमनांचा भाचा, नुकताच बी.एड. झालेला. इंटरव्ह्यूला शिक्षकांच्या वतीनं मला बसवलं होतं, खुर्चीला शोभा म्हणून.

चेअरमननी सरांना आडनाव दोनदा विचारलं आणि प्रश्न एकदा. बर्फाचाच. सरांनी पाच मिनिटं इतकं सुंदर सांगितलं की मलासुद्धा भूगोल कळला.

मग भाच्याला तोच प्रश्न. तो म्हणाला, "उंच हाय म्हणून."

चेअरमननी मांडीवर थाप मारली. "बघा! एका वाक्यात! पोरांस्नी एवढंच लागतंय."

ऑर्डर भाच्याला मिळाली. सरांना तासाच्या पगारावर ठेवलं. मला अशी चीड आली की दुपारी डबा उघडला नाही. संध्याकाळी भाच्यानं पेढे वाटले. माझ्या वाटचा पेढा मात्र मी खाल्ला.

*

त्याच वर्षी शिक्षणखात्याची तपासणी लागली. आमच्याकडे अशा दिवशी साहेबांना मटणाचं जेवण असायचं आणि वाढायला टेम्पररी शिक्षक. जेवून साहेब वर्गात आले. भाचा फळ्यापाशी उभा.

साहेबांनी सहज विचारलं, "हिमालयावर उन्हाळ्यातसुद्धा बर्फ का असतो रे?"

सुवर्णा उठली. जमीन, चूल, विरळ हवा, परत फेकलेलं ऊन, सगळं एका दमात! साहेब बघतच राहिले. "कुणी शिकवलं हे?"

भाच्यानं कॉलर सारखी केली. हेडसर म्हणाले, "आमचे हे नवीन सर..."

"न्हाय," सुवर्णा म्हणाली. "कांबळे सरांनी."

"बोलवा त्यांना," साहेब म्हणाले. "असा शिक्षक बघितलाच पाहिजे!"

मला वाटलं, आता तरी! मी स्वतः पळत गेले. सर मागं पातेली आवरत होते. हात पुसायलाही वेळ दिला नाही, ओढतच वर्गात आणलं. रश्श्याचा डाव हातात तसाच.

साहेबांनी सरांना खालून वरपर्यंत पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "अरे, हेच का! पांढरा रस्सा झकास होता हो. उरला असेल तर थोडा डब्यात भरून द्या."