देवाला पाठ न दाखवणारा प्रोजेक्टर

चार माणसं मिळून एखादी वस्तू घ्यायला निघाली की वस्तू यायला वर्ष लागतं, किस्से मात्र पहिल्या दिवसापासून घरात यायला लागतात! आमच्या कुंभकोणच्या भजन मंडळीनं प्रोजेक्टर घेतला तेव्हा अगदी असंच झालं. मी उभं आयुष्य बातमीदारी केली. पूर, निवडणुका, भ्रष्टाचार, सगळ्यावर लिहिलं. पण आता कॉफी प्यायला बसलो की लोक विचारतात, "सार, ते प्रोजेक्टरचं सांगा ना!" म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

आधी मंडळी कोण ते सांगतो. आमची घराणी मराठ्यांच्या काळात इकडे आली आणि इकडचीच झाली. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. मी कॉलेजसाठी पुण्याला राहिलो म्हणून तुमची ही लिहायची मराठी मला येते. घरातली आमची मराठी जुनी. दर एकादशीला संध्याकाळी मंडळीच्या हॉलमध्ये विठोबापुढे भजन होतं. पदं म्हणणार तुळजाअक्का, बाकीचे तिच्या मागून. मागून म्हणजे खरोखरच मागून. चाळिशीच्या आतल्या एकालाही पहिल्या दोन शब्दांपुढचं पद येत नाही. ओठ हलवायचे आणि शेवटच्या अक्षराला जोरात सूर लावायचा, एवढंच!

आणि अक्काचा गळा गेला. डॉक्टरांनी सांगितलं, काही महिन्यांत गाणं पूर्ण थांबवा, नाहीतर बोलणंही थांबेल. अक्कानं मंडळीची सभा बोलावली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "माझा गळा गेला तर जाऊं दे. पदें जातां कामा नयेत. पोरांच्या तोंडीं येतील असें कांहीं तरी करा."

पदांची पुस्तकं देवनागरीत. पोरं मराठी बोलतात, पण वाचतात तमिळ. मोबाइलवर शब्द पाठवून पाहिले. भर पदात एकजण ओरडला, "पार्सल आलं!" आणि चौघं उठून गेले. मग ठरलं, शब्द भिंतीवर दिसले पाहिजेत. प्रोजेक्टर घ्यायचा!

* * *

कमिटी चौघांची. अक्काचा मुलगा सीनू, बँकेतून निवृत्त. माधवराव, पितळी भांड्यांचे व्यापारी. सीनूची सून आनंदी, स्वामीमलैची तमिळ मुलगी, घरून कंपनीचं काम करते. लॅपटॉप कळणारी एकटी तीच. आणि अध्यक्ष मी.

"मी का?" मी विचारलं.

"जन्मभर सरकारी मीटिंगा पाहिल्यास," माधवराव म्हणाले. "तुझ्याइतके प्रोजेक्टर गावात कोणी पाहिलेत?"

हे मात्र खरं! एकदा एका खात्यानं पाणीयोजना दाखवायला आम्हा पत्रकारांना बोलावलं. साहेब उभे, हातात काठी, भिंतीवर नुसता निळा उजेड. साहेब त्या निळ्या उजेडावर काठी फिरवत म्हणाले, "इथे टाकी आहे. इथून पाइप जातो."

मी विचारलं, "साहेब, टाकी दिसत नाही."

साहेब म्हणाले, "कनेक्शन आलं की दिसेल."

मी बातमीत तेवढंच लिहिलं. संपादकांनी शेवटचं वाक्य कापलं. ते वाक्य असं होतं: गावातली परिस्थितीही हीच आहे.

* * *

आम्ही तंजावरच्या एका दुकानात गेलो. मी आठवडाभर अभ्यास करून गेलो होतो. विक्रेत्यानं आम्हाला काळ्या पडद्यांच्या खोलीत नेलं आणि भिंतीवर समुद्रातले मासे सोडले. मासे फारच सुंदर होते.

"फुल एचडी सपोर्ट, सार!"

"सपोर्ट म्हणजे? नेटिव्ह रिझोल्यूशन किती?"

"सपोर्ट आहे, सार."

"मी पुढाऱ्याला गरिबांबद्दल विचारलं तर तोही म्हणतो, माझा सपोर्ट आहे! मशीनचं स्वतःचं काय आहे ते सांगा."

विक्रेता माशांकडे पाहत राहिला. मी खोक्यावरचा लुमेनचा आकडा दाखवला. तेवढ्या उजेडात विमान उतरवता आलं असतं! विचारलं, "हे लुमेन खरे?"

"खरे आहेत, सार. पण हे खोक्याचे लुमेन. मशीनचे थोडे कमी असतात."

तीस वर्षांत इतका प्रामाणिक प्रवक्ता मला भेटला नव्हता.

इकडे माधवराव एकेक प्रोजेक्टर दोन्ही हातांनी उचलून पाहत होते. पितळेच्या धंद्यात हाताला वजन कळलं की माल कळतो. शेवटी एक जुनं, अवजड धूड छातीशी धरून ते म्हणाले, "हेच घेऊ. आत ऐवज आहे."

त्या मशीनचा दिवा गेलेला होता.

* * *

माधवरावांचा जावई पुण्याचा, मोठ्या कंपनीतला. घरात स्वतःचं होम थिएटर. त्याला व्हिडिओ कॉल लावला. अक्काही बसली होती. तिनं विचारलं, "कसे आहांत? जेवण जालें कां?"

जावई हसत सुटला. "आजी, किती गोड! तुमची मराठी म्हणजे बखर ऐकल्यासारखं वाटतं. शुद्ध मराठी ऐकायला तुम्ही इकडे एकदा आलंच पाहिजे."

मग तो प्रोजेक्टरकडे वळला. "बेसिकली ना, तुमचा थ्रो डिस्टन्स काय आहे आणि ॲम्बियंट लाइट किती कंट्रोल करता येईल, त्यावर एंटायर सिलेक्शन डिपेंड करतं. लॅम्प अव्हॉइड करा. लेझर प्रेफर करा. कॉन्ट्रास्ट कॉम्प्रोमाइज करू नका."

अर्धा तास हे चाललं. अक्का हात जोडून, डोळे न हलवता ऐकत होती. कॉल संपल्यावर तिनं मला हळूच विचारलं, "रामू, पोरगा हुशार आहे. पण मराठींत केव्हां बोलणार तो?"

* * *

विकत घ्यायच्या आधी मागून आणून पाहू, असं ठरलं. चोळपुरम् गावात सीनूच्या मित्रानं घरी सिनेमा पाहायला छोटा प्रोजेक्टर घेतला होता. तो आणला आणि पहिली भानगड उभी राहिली. लावायचा कुठल्या भिंतीवर?

समोरच्या भिंतीला विठोबा. मागची भिंत मोकळी, पण तिकडे पाहायचं म्हणजे देवाला पाठ दाखवायची. सीनू म्हणाला, "देवाच्या डोक्यावर जागा आहे. तिथे अक्षरं पाडू."

अक्का म्हणाली, "आणि उजेड कोणाच्या डोळ्यांत? त्याच्या? अठ्ठावीस युगें उभा आहे, आतां त्याला सिनेमावाला करतांत?"

उरली बाजूची भिंत. तिच्यावर माधवरावांच्या आजोबांचा भला मोठा फोटो. हॉलची जागा त्यांनीच दिलेली. चाचणी केली तर पदाची पहिली ओळ पगडीवर, दुसरी मिशांवर आणि तिसरी हारात हरवली. मी म्हणालो, "फोटो हलवू."

माधवराव उसळले. "आजोबांनी मंडळीला जागा दिली! आता मंडळीत आजोबांनाच जागा नाही?"

त्यावर तीन सभा झाल्या. तिसऱ्या सभेत सीनूनं दोरीवर पांढरी वेष्टी ताणून आजोबांसमोर धरली. अक्षरं छान उमटली. अक्का आत आली, पडदा पाहिला, जरीचा काठ पाहिला आणि म्हणाली, "देवापुढें हें धोतर कोणाचें वाळतें आहे?"

शेवटी गुंडाळता येणारा पडदा घ्यायचं ठरलं. भजनापुरता खाली, एरवी वर. आजोबा दोन तास झाकले जाणार हे माधवरावांना कसं सांगायचं, ही माझी काळजी. पण त्यांनी स्वतःच विषय मिटवला.

"चालेल. तसाही आजोबांना भजनाचा कंटाळाच होता."

* * *

चाचणीचं भजन सुरू झालं. चाचणीपुरते शब्द आनंदीनं तमिळ अक्षरांत टाइप केले होते. ट्यूबलाइट चालू, खिडक्या उघड्या, बाहेर ऊन. पडद्यावर काहीच नाही! मी उठून दिवे बंद केले.

"रामू! देवापुढें काळोख? कोणीं सांगितलें?"

"अक्का, मशीनला अंधार लागतो."

"मशीनला लागतो. आह्मांस लागत नाहीं."

दिवे पुन्हा लागले. पोरं डोळे बारीक करून एकेक अक्षर शोधत राहिली. तरी कसंबसं चाललं होतं. मग मधलं पद आलं आणि आमच्या रिवाजाप्रमाणे सगळे उठून समईभोवती फेर धरून नाचू लागले. प्रोजेक्टर होता स्टुलावर, समईच्या पलीकडे. पडद्यावर नुसत्या शेंड्या, अंबाडे आणि हात!

सगळ्या दुकानांत सगळे प्रश्न विचारून झाले होते. लुमेन विचारले, पिक्सेल विचारले, गॅरंटी विचारली. आमच्यात पद म्हणताना माणसं उठून नाचतात, हे मात्र कमिटीतल्या एकालाही आठवलं नव्हतं. जन्मभर नाचलेली कमिटी!

तेवढ्यात आनंदी ओरडली, "मामनार, हलू नका!" मामनार म्हणजे सासरे. सीनू नेमका उजेडाच्या तोंडाशी आला होता आणि त्याच्या चकाकत्या टकलावर पदाची अख्खी ओळ उमटली होती. पडद्यावर दिसत नव्हती इतकी स्पष्ट!

पोरांनी ती टकलावरून वाचून म्हटली. त्यांनी त्या दिवशी पूर्ण म्हटलेली ओळ ती एकच.

* * *

तेव्हा कुठे आम्हाला काय हवं ते कळलं: ट्यूबलाइट आणि ऊन यांना न भिणारा उजेड, आणि पडद्याला चिकटून वर टांगता येणारं मशीन. त्याला शॉर्ट थ्रो म्हणतात. महाग होतं. माधवरावांनी हातात तोललं, नाक मुरडलं, पण घेतलं.

आता कायमची अक्षरं कुठली? मी ताठ उभा राहून भाषण केलं. तीनशे वर्षं आपण भाषा टिकवली, लिपी का सोडायची? शब्द देवनागरीतच दिसले पाहिजेत! सीनूला गहिवरून आलं. माधवरावांनी टाळ्या वाजवल्या.

आनंदी कॉफी गाळत होती. तिनं तमिळमध्ये एवढंच विचारलं, "मामा, वाचणार कोण?"

मी संपादकांशी भांडलो, मंत्र्यांशी भांडलो, एकदा कलेक्टरला भर सभेत खोटं पाडलं. स्वामीमलैच्या या मुलीशी अर्ध्या कॉफीत हरलो. तमिळ अक्षरं ठरली.

टाइप करणारीही तीच होती. अक्कानं गळ्याची पर्वा न करता शेवटच्या तीन एकादश्यांना सगळी पदं पूर्ण म्हटली. आनंदीला देवनागरी वाचता येत नाही, म्हणून तिनं ती फोनवर रेकॉर्ड केली आणि कानाला लावून, पुन्हा पुन्हा ऐकून शब्द उतरवले. तिला मराठी येते ती जेवणखाणापुरती. पदांतली जुनी मराठी तर आम्हालाही अर्धीच कळते. पण मुलगी काटेकोर. ऐकलेलं एक अक्षर तिनं सोडलं नाही.

पुढच्या एकादशीपासून अक्काचं गाणं बंद झालं.

* * *

त्या एकादशीला हॉल भरला होता. तिरुनीलक्कुडीहूनसुद्धा माणसं आली होती. अक्का विठोबाच्या पायाशी बसली, हातात टाळ, तोंड मिटलेलं. पडदा खाली आला. आजोबा झाकले गेले. अक्षरं उमटली, टपोरी, काळी, भर उजेडात स्वच्छ! पण सुरुवात कोण करणार? सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. मी अध्यक्ष म्हणून घसा खाकरला. सुदैवानं कोणी लक्ष दिलं नाही.

आनंदीनं सुरुवात केली. महिनाभर कानात घालून घालून तिला सगळ्या चाली पाठ झाल्या होत्या. पोरांनी उचललं. पहिल्यांदाच त्या हॉलमध्ये पदाचे मधले शब्द ऐकू आले! अक्काचा टाळ एकदा चुकला. तिचा टाळ चुकलेला मी कधी ऐकला नव्हता.

फेर सुरू झाला. माणसं नाचतायत, वाचतायत, गातायत. आणि मधल्या पदाच्या तिसऱ्या कडव्यानंतर, त्याच चालीत, त्याच ठेक्यात, सगळा हॉल एका सुरात गायला:

"सीनू, दार लाव रे, कुत्रें येतें!"

पहिल्यांदा कोणाला काही कळलंच नाही. आमच्याकडे ओळ दोनदा म्हणतात. दुसऱ्यांदा अधिक जोरात म्हटली गेली. सीनू फेरातून बाहेर पडला, दार लावून आला आणि पुन्हा नाचू लागला.

अक्काची सवयच होती ती. पद तोडायचं नाही, जे काय सांगायचं ते चालीत बसवून सांगायचं. जन्मभर आम्ही ते ऐकलं आणि कधी ऐकू आलं नाही. आनंदी रडकुंडीला आली. "मामा, पद कुठे संपतं आणि पाट्टी कुठे सुरू होते, हे मला कसं कळणार?" पाट्टी म्हणजे आजी.

मी तिला म्हणालो, काळजी करू नको, मी आहे. दुसऱ्या दिवशी अख्खी फाइल तिच्याशेजारी बसून तपासली. जुना बातमीदार, चूक राहू देईन काय! ती ओळ स्वतःच्या हातानं पुसली.

पुढची एकादशी आली. मी मुद्दाम पडद्यासमोर उभा राहिलो. फेर सुरू झाला. मधलं पद आलं, तिसरं कडवं संपलं, आणि पडद्यावर सरळ चौथं कडवं उमटलं. स्वच्छ, निर्दोष, माझ्या हातचं.

पडद्याकडे कोणी पाहतच नव्हतं. सगळ्या हॉलनं डोळे मिटून म्हटलं, "सीनू, दार लाव रे, कुत्रें येतें!"

दार बंद होतं. कुत्रं कुठेच नव्हतं.

सीनू फेरातून बाहेर पडून दाराकडे गेला.