टोरंटो ते नागपूर, माझ्या सुतळीने

मी तीस वर्षं चामोर्शीच्या शाळेत भूगोल शिकवला. पृथ्वी गोल असल्याचं मला निवृत्तीनंतर कळलं.

आमची पल्लवी चार वर्षांनी टोरंटोहून येणार होती. तिच्या आईचं, म्हणजे आमच्या सुमनचं, महिनाभर एकच पालुपद : "पोरगी विमानतळाच्या भाईर आली का पयले मी दिसली पाह्यजे तिले. अन् हातात माह्या सांबारवड्या!" (सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर.) पल्लवी फोनवर पोचायची वेळ सांगायला लागली, तर मीच तिला अडवलं. "तू फक्त निघाची सांग. पोचाची तुह्या बापाले समजते!"

निघणार शनिवारी दुपारी बाराला. मी भिंतीवरच्या नकाशावर सुतळी लावली. (ती अटलांटिकमध्ये दोनदा सुटली.) दिल्लीपर्यंत चौदा तास, तिथे थांबा चार, पुढे नागपूर दोन. एकूण वीस. म्हणजे रविवारी सकाळी ठीक आठ!

पहाटेच निघालो. गाडी माझा जुना विद्यार्थी किसना याची.

"सर, तिकडच्या अन् आपल्या घड्याळात फरक रायते ना?"

"किसना, भूगोलात किती मार्क होते तुले?"

"पस्तीस, सर."

"मंग समोर पाहून चालव!"

आठ वाजले. सुमननं बाहेर येणाऱ्या प्रत्येक जीन्सवालीला हात केला. पल्लवी नाही. दहा वाजले. नाही.

"लेट असन," मी म्हणालो. "एटापल्लीची बस नाई का लेट होत?"

"विमान हाय ते! आभायात पंक्चर होते काय?"

दुपारपर्यंत मी आणि किसनानं वड्यांचा डबा जवळजवळ संपवला. शेवटच्या चार सुमननं पदराखाली घेतल्या. तीन वाजता मी निकाल जाहीर केला : "दिल्लीचं विमान चुकलं तिचं. चाला घरी."

"मी नाई येत. पोरगी आली तं?"

"अवं, तीस वर्षं भूगोल शिकवला मी!"

या वाक्यापुढे तिचं कधीच चाललेलं नाही. उठली बिचारी.

परतीच्या वाटेवरचं मूल गाव जवळ आलं, पावणेसहा झाले आणि फोन वाजला. "बाबा, मी भाईर उभी हाय. तुमी कुठी आहा?"

किसनानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. "सर, घड्याळातला फरक : पंधरा अंशाले एक तास. तुमीच शिकवलं." आणि गाडी वळवली.

पोचलो तेव्हा पल्लवी एकटीच बॅगेवर बसून होती. दोघी मायलेकी गळ्यात पडून रडल्या. सुमननं पदरातून गार, चपट्या झालेल्या चार वड्या काढल्या. "मी सकायपासून इथीच होती वं! तुह्या बापानं उठवून नेलं!"

पल्लवीनं वडी खात खात माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट बॅगा उचलायला लागलो.

किसनानं गाडीचं मागचं दार उघडलं. "सर, तुमी इथी. बॅगायजवळ."

हेच 'पंधरा अंशाला एक तास' सांगता आलं नाही म्हणून आठवीत मी त्याला तासभर बाकावर उभं केलं होतं. त्यानं मला निदान बसू तरी दिलं!