इमानात टाकलेलं उपरनं

दिंद्रुडहून निघताना बायकोनं, सुभद्रानं, एकच अट घातलती. "अवो, इमानात माजा हात सोडायचा न्हाई. सोडला तर म्या मदूनच उतरून परत येनार." इमान मदी थांबत न्हाई हे तिला कोन सांगावं? मलाच ठाऊक नव्हतं.

पोरीचं पैलं बाळंतपन माहेरी करायचं असतंय. पन आमची पोरगी विलायतेला, जावई तितल्या दवाखान्यात डाक्टर, तिला येता येईना. मंग माहेरच डिंकाचे लाडू घेऊन तिच्याकडं निघालं. दुकानाला कुलूप लावलं आन मुंबई गाठली.

इमानतळावर काउंटरवरच्या पोरीनं इंग्रजीत कायतरी इचारलं. म्या मान डोलवली. आनखी इचारलं, आनखी डोलवली. नंदीबैल लाजला आसता. सुभद्रा मनली, "काय मनती?" म्या मनलो, "खुशाली इचारती." त्या खुशालीत आमच्या जागा तुटल्या. तिची मदी खिडकीशी, माजी पार मागं.

इमान बाहेरनं येवडं थोरलं की आमची आळी जनावरासकट मावंल. आतनं मातर जुनी यष्टीच. सीटा दबलेल्या, तवा इमानात बिडी चालायची, मनून हाताजवळच्या राखदानीत कुनाची तरी थोटकं, सामानाच्या कप्प्याचं झाकन चिकटपट्टीनं बांधलेलं, आन छतातनं थेंब थेंब पानी.

हवाई बाईनं सुभद्राला पुडं नेऊन बसवलं. म्या मागं आडकलो, दोगं गोरे पेट्या चढवत व्हते. सुभद्रा वळून वळून मला बगती, तोंड उतरलेलं. तिच्या शेजारची जागा मोकळी दिसली. खांद्यावरचं उपरनं काढलं, त्याचा गोळा केला, आन गोऱ्यांच्या डोक्यावरनं दिलं भिरकावून. अर्धं एका मडमेच्या केसावर घासलं, पन पडलं बराबर सीटवर. यष्टीत खिडकीतनं उपरनं टाकलं की जागा आपली. आख्ख्या बीड जिल्ह्यात चालतंय, इमानात कावून न्हाई?

बसलो. तवर एक उंच म्हातारा आला, कोट, टोपी, हातात काठी. कागद दाखवून इंग्रजीत सांगाया लागला, ही जागा माजी. म्या मराठीत सुनावलं, "उपरनं दिसंना का बे? डोळे घरी ठिवून आलास का?"

त्यानं उपरन्याकडं बगितलं. मंग सुभद्राकडं. तिनं माजं मनगट आसं आवळलंतं की बांगड्या रुतल्या. म्हातारा हासला, हवाई बाईला काय तरी मनला, आन माज्या जागंवर मागं निगून गेला. मला वाटलं, भेला. म्या मिशीवर हात फिरवला.

इमान थरथरत उडालं. सुभद्रा "वैजनाथा, वैजनाथा" करत व्हती. म्या मोटरीगत पायानं ब्रेक दाबून धरलेला. वर गेल्यावर तिनं दुधात पीठ मळून केलेल्या दशम्या काडल्या, लसनाची चटनी काडली. खिडकीतनं ढग बगत पोटभर खाल्लं.

मंग लांब झोप काडली, आन उठून मागं संडासाला गेलतो. संडासाच्या दारापाशी, बिड्या-शिगारेटीच्या धुरात, त्यो म्हातारा काठीवर रेलून उभा. म्या दाराशी झटापट करतोय, तर त्यो मनला, "पाव्हनं, ढकलू नका. मदी दाबा."

माजे कान जळाले. "तुमाला मराठी येती?"

"अंबाजोगाईचा हाय मी."

"मंग मगाशी बोलला कावून न्हाईत?"

"काय बोलू? उपरनं पडलंतं." आन मोट्यानं हासला. "बाई भेलत्या, मनून जागा सोडली."

"पन उभे का?"

"गुडघा वाकत न्हाई. ती जागा पाय लांब करायला मागून घेतलती. तुमच्या मागल्या जागंवर बसलं की ढोपर समोरच्याच्या पाठीत. पोराकडं चाललोय, आपरेशनला."

म्या मनलो, "चला, बसा माज्या जागी."

"ऱ्हाऊ द्या. बाई भेतील."

आपल्याकडं च्याला सुदा मानसाला तीनदा इचारतात. म्या एकदाच इचारलं. त्यो हो मनायच्या आत झपाझप जागंवर आलो.

सुभद्राला सांगितलं. तिनं आईकलं आन हात सोडला. सगळ्या वाटंत तिनंच सोडला. "त्या मानसाच्या गुडघ्यावर बसून चाललावत तुमी. जा, आना त्यास्नी."

उटलो, तवर पट्ट्याचा दिवा लागला. इमान उतराया लागलतं. हवाई बाईनं खांदा दाबून मला खाली बसवलं, वर पट्टा आवळला. सुभद्रानं उतरताना खुर्चीची दांडी धरली, मला न्हाई.

खाली म्हाताऱ्याला चाकाच्या खुर्चीतनं नेलं. सुभद्रानं पळत जाऊन त्याच्या मांडीवर लाडू ठिवले. म्या सामानाच्या गाड्यामागं दडलो.

नात झाली. झबली-टोपडी, काजळ-तीट समदं झालं, परत आलो. येताना इमानात जितं बसवलं तितं बसलो, निमूट. मांजरसुंब्याला गाडी बदलायची व्हती. यष्टी आली, खिडक्यांतनं रुमाल, टोप्या, उपरनी पडाया लागली. सुभद्रा माज्याकडं बगत व्हती. म्या खांद्यावरचं उपरनं घट धरून उभाच.

आत एका पोरीनं सरकून सुभद्राला जागा दिली. म्या दांडी धरली. घाटात एक जन मला मनला, "काका, टेका की जरा, थकला आसाल."

म्या मनलो, "नगं बाबा. लई बसून आलोय."