साडेसातच्या मालिकेचे प्रेक्षक

उत्तरेतल्या एका शहरात, मानसरोवर नावाच्या वसाहतीत आम्ही राहत होतो त्या सेक्टरात मराठी घरं तीन. केबलवाल्याला मराठी चॅनल लाव म्हटलं की तो म्हणायचा, तीन घरांसाठी कोण लावणार साहेब. त्यात त्याचं काही चुकत नव्हतं. पुढे घरोघरी डिशच्या छोट्या छत्र्या बसू लागल्या तेव्हा बायकोनं हट्टानं आमच्या गच्चीवर एक बसवून घेतली. मला तिची गरज वाटत नव्हती. कॉलेजातून आलो की मी आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसायचो. घरात दुसऱ्या कुणाचं मराठी ऐकू येईल, एवढंच ती म्हणाली.

सोमवार ते शुक्रवार साडेसातला दोघीजणी यायच्या. एक नागपूरच्या वहिनी. त्यांचे यजमान विमा कंपनीतून निवृत्त झालेले, आणि घरात टीव्हीची रडारड नको या मताचे, म्हणून त्यांच्याकडे टीव्ही बातम्यांपुरता होता, छत्री नव्हती. दुसरी बँकेतल्या अधिकाऱ्याची बायको, कोल्हापूरची, तिशीतली. नवऱ्याची बदली कधीही होईल, म्हणून तिच्या घरी काहीच नवं घेतलं जात नव्हतं.

मालिका एका जुन्या कादंबरीवरून केलेली होती. कादंबरी माझ्या कपाटात होती. दोन बैठकींत वाचून होईल एवढी. मालिकेला दुसरं वर्ष लागलं होतं. बायकोनं ती कादंबरी कधी उघडली नाही. आधी वाचलं तर रोज कशाला बसू, म्हणायची. भाग अर्धा तासाचा, आणि त्यानंतर तिघींचं बोलणं पाऊण तासाचं. नायिकेनं माहेरी जाऊन चूक केली की बरोबर केलं, सासू झोपतानाही नथ का घालते, एवढ्या मोठ्या घरात भांडी कोण घासतं. मी दार अर्धवट लोटून वाचत असायचो. त्यांचं बोलणं कानावर पडायचं, आणि पान उलटलं की जायचं.

जानेवारीत बायको गेली. आजार महिनाभराचा. तेरा दिवस टीव्ही बंद होता, त्यावर कुणीतरी टॉवेल टाकून ठेवला होता. त्या दिवसांत दोघी रोज यायच्या, पिठलंभात, कधी मुगाची खिचडी आणायच्या. एकदा साडेसात वाजले तेव्हा कोल्हापूरच्या मुलीची नजर घड्याळाकडे गेली आणि तिनं ती लगेच खाली वळवली. मला राग आला नाही. उलट, तिनं नजर वळवायला नको होती असं वाटलं.

चौदाव्या दिवशी मुलगा बंगळूरला परत गेला. त्या संध्याकाळी मी टॉवेल काढला, टीव्ही लावला आणि पुढचं दार उघडं ठेवलं. कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं. एकटा पुरुष असलेल्या घरी संध्याकाळी मालिका बघायला कोण येणार? हे मला कुणी बोलून दाखवलं नाही. मीही कुणाला या म्हटलं नाही. मी एकटाच बघत बसलो. भाग संपला की बाहेरच्या खोलीत पाऊण तास काहीच नसायचं, आणि त्या वेळात मला वाचताही येईना.

आठवड्याभरानं सकाळी भाजीच्या गाड्यापाशी नागपूरच्या वहिनी भेटल्या. मटार निवडता निवडता, वर न बघता त्यांनी विचारलं, तिचं पुढं काय झालं. ती म्हणजे मालिकेतली. मी सांगितलं: नवऱ्याचं पत्र आलं, ते सासूनं लपवलं, दीर पाहत होता. वहिनींचं एवढ्यानं भागेना. पत्र लपवताना सासूचा चेहरा कसा होता? दिरानं पाहिलं ते तिला कळलं का? नायिकेनं कालचीच साडी नेसली होती का? मला यातलं काही सांगता आलं नाही.

मग मी भाग नीट बघू लागलो. कागदावर दोन ओळी टिपून ठेवायचो आणि सकाळी गाड्यापाशी सांगायचो. गाडेवाला भैयासुद्धा कान देऊ लागला होता. त्याला भाषा कळत नव्हती, पण सासू हा शब्द त्यानं ओळखला होता. असे पंधरा-वीस दिवस गेले.

एक दिवस वहिनी मला मधेच थांबवून म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही तं पेपरातली बातमी वाचल्यासारखं सांगून राहिले. ती असती तं काय म्हणाली असती, ते सांगा न."

बायको काय म्हणायची ते मी आठवू लागलो. वर्षाहून जास्त भिंतीपलीकडे तिचं बोलणं चाललं होतं. नथीचं आठवलं, भांड्यांचं आठवलं. पण दिरावर तिचा विश्वास होता की नव्हता? नायिका तिला आवडत होती, की तिचा राग यायचा? मला माहीत नव्हतं. तसं मी सांगितलं. वहिनींनी मटारांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाल्या, दिरावर तिचा कणभरही विश्वास नव्हता. एवढं सांगून त्या गेल्या.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो आणि दोघांनाही आमच्याकडे मालिकेला या म्हटलं. यजमान सोबत असले तर प्रश्न नव्हता. दुसऱ्या दिवशी ते खरोखर आले, कोल्हापूरची मुलगीही आली. यजमान खुर्चीत ताठ बसले आणि पहिल्या जाहिरातीच्या आतच घोरू लागले. कोल्हापूरच्या मुलीला हसू आवरेना. वहिनींनी त्यांना दोनदा कोपरानं ढोसलं. बोलणं असं झालंच नाही. निघताना यजमान दारात माझा हात धरून म्हणाले, "भाऊ, तुमच्यासाठी आलो. रोज नाही जमायचं मला."

रात्रभर विचार केला असं काही नाही. सकाळी मी छत्री बसवणाऱ्या माणसाला फोन केला आणि ती आमच्या गच्चीवरून काढून वहिनींच्या गच्चीवर लावायला सांगितली. टीव्हीला जोडायचा खालचा डबाही दिला. यजमान कुरकुरले, मग बायकोच्या तोंडाकडे बघून हो म्हणाले. त्यांनी एकच अट घातली, आवाज बेताचा. मुलाला फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, बाबा, आईनं हौसेनं लावली होती ती. मी हो म्हटलं.

सोमवारी साडेसातला मी त्यांच्याकडे गेलो. मला पुढची खुर्ची दिली. त्या दिवशी नायिका सासरच्या दारात परत येऊन उभी राहते, तिथं भाग संपला.

मी म्हणालो, कादंबरीत ती परत येत नाही.

"पुस्तक राहू द्या जी," वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला काय वाटलं?"

मला असं कधी कुणी विचारलं नव्हतं, निदान मालिकेबद्दल तरी. मी म्हणालो, तिनं यायला नको होतं.

"असं कसं काका?" कोल्हापूरची मुलगी म्हणाली. "भाऊ ठेवून घेत नाही, हातात पैसा नाही. बोलायला काय जातंय तुमचं."

मी म्हणालो, नोकरी करेल. दोघी एकदम हसल्या. चौथी शिकलेली बाई त्या काळात कसली नोकरी करणार, हे मी, इतिहास शिकवणाऱ्या माणसानं, सांगावं असं वहिनींचं म्हणणं पडलं. मग शिवणकाम निघालं, परिचारिकांच्या शाळा निघाल्या, दूरची एखादी मावशी असू शकते हेही निघालं. मी एकेक सुचवत होतो आणि त्या दोघी ते पाडत होत्या. मी थकलो होतो. त्या महिन्यांत मला सगळ्याचाच थकवा यायचा. पण घड्याळाकडे पाहिलं तर साडेआठ होऊन गेले होते.

मी उठतो म्हटलं. वहिनींनी हातानंच खाली बसायची खूण केली.

"बसा," त्या म्हणाल्या. "तिनं जायचं कुठं, ते ठरू द्या आधी."

मी बसलो.