बाराव्या स्थानाचं 'उठा'

मेणबत्तीचा वास आला की मला देव आठवतो, असं वाटलं ना तुमाला? नाय, मला आयचे गुडघे आठवतात. पालघरला गुड फ्रायडेची दुपार, चर्चमध्ये नुसती उकड, उपासानं सगळे दमलेले. आमी क्रुसाची वाट करत होतो, म्हंजे येशूच्या मरणाच्या वाटेवरच्या चौदा स्थानांपुढं एकेक करून प्रार्थना. दर स्थानाला गुडघे टेकायचे आणि प्रार्थना सांगणारे मास्तर 'उठा' म्हणतील तेव्हाच उठायचं. बाराव्या स्थानाला, येशू मरतो तिथं, मास्तर डोळे मिटून चिंतनात बुडाले ते बुडालेच. आयचे गुडघे आधीच दुखरे, ती थरथरायला लागली. मला बघवेना. मी मागून मास्तरांच्या घोगऱ्या आवाजात म्हटलं, "उठा." सगळं चर्च उठलं, दचकून मास्तरसुद्धा. आय तेवढी उठली नाय. बाहेर आल्यावर तिनं माझा कान पिळला. "मेल्या, माझं दुखणं मी येशूला वाहत होती. तू कोण रे मला उठवणारा?"