माळ्यावरचं घंगाळ

मालनवहिनी सकपाळांना राग येतो असं म्हणणं चूक आहे. तो आलेलाच असतो, आपण फक्त त्याच्या वाटेत सापडतो. खोपटच्या एसटी डेपोमागे आमची चार मजल्यांची सोसायटी आहे आणि मी तिचा सेक्रेटरी, त्यामुळे वाटेत सापडण्याचं काम माझ्याकडे कायमचं नेमून दिलेलं. पाणी कमी आलं, नयनभावजी. पाणी जास्त आलं, नयनभावजी. जिन्यात कबुतराने घरटं केलं, तर त्याला परवानगी कुणी दिली, हेही नयनभावजींनीच सांगायचं.

त्यांचे यजमान, म्हणजे आमचे भाऊ, एसटीत कंडक्टर होते. उभी हयात त्यांनी लोकांना 'पुढे सरका, पुढे सरका' म्हटलं आणि घरी आल्यावर स्वतः सरकत राहिले. आता रिटायर होऊन गॅलरीतल्या खुर्चीपर्यंत सरकलेत.

वहिनी पोलादपूरकडच्या. लग्न करून आल्या तेव्हा इथे ही बिल्डिंग नव्हती, भोईरांची चाळ होती. एका खोलीत सासू, दोन दीर आणि नवं जोडपं. त्या खोलीच्या कोपऱ्यात वहिनींनी शिलाई मशीन मांडलं आणि ब्लाउज शिवायला घेतले. पहिला ब्लाउज शिवायला दिला तो चाळमालकिणीने, शकूताई भोईरने. तो एका बाजूला आखूड झाला. शकूताईने तो तसाच घालून अख्ख्या गावाच्या हळदींना हजेरी लावली आणि विचारेल तिला सांगितलं, "आता हीच फॅशन हाय." त्यानंतर वहिनींच्या मशीनला उसंत मिळाली नाही. त्याच मशीनवर मुलगी सान्वी इंजिनिअर झाली.

अशा या दोन जिवाभावाच्या मैत्रिणी पाच वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. कारण, एक घंगाळ.

सान्वीच्या लग्नात शकूताईने आहेर केला तो तांब्याच्या घंगाळाचा. जुन्या घरात आंघोळीचं पाणी काढायचे तसलं, दोन्हीकडे कड्या, उचलायला दोन माणसं. काठावर नाव घातलेलं: 'चि. सौ. कां. सान्वी हिस, सौ. शकू व श्री. काळुराम भोईर यांजकडून सप्रेम भेट.' नवरा मुलगा राहणार माजिवड्याला बाविसाव्या मजल्यावर, बाथरूम एवढंसं. लग्नाच्या धावपळीत वहिनी बोलून गेल्या, "आता हे ठेवू कुठे? ह्यात जावयाला बसवू?" मागे शकूताई उभी होती. ती जेवली, पान खाल्लं, आणि त्या दिवसापासून वहिनींच्या दाराकडे तिने पाहिलं नाही. वहिनींनीही माफी मागितली नाही. चूक आपली असली की त्यांचा राग दुप्पट होतो. घंगाळ माळ्यावर गेलं.

मधल्या काळात काळुरामशेठ गेले. जमिनीचे पैसे भावाभावांच्या कोर्टकचेरीत गेले. लोकांना अजून वाटतं की भोईर म्हणजे गडगंज, पण तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आणि आडनाव एवढंच उरलेलं. आणि मागच्या वर्षी शकूताईला छातीचा कॅन्सर निघाला. सोसायटीत सगळे 'तो आजार' म्हणायचे, तेही हळू आवाजात. ऑपरेशन झालं, त्यात दागिने गेले. विम्याची रक्कम संपली. इंजेक्शनं बाकी होती, आणि ती महाग होती.

आम्ही रीतीप्रमाणे एक पाकीट फिरवलं. ते द्यायला अर्थातच सेक्रेटरी गेला. शकूताईने पाकीट माझ्या हातात परत ठेवलं.

"सेक्रेटरी, ही बिल्डिंग कुनाच्या जमिनीवर उभी हाय?"

"तुमच्या."

"मंग मी तुमच्यापुढं हात पसरू? इंजेक्शना नाय घेतली तं नाय घेतली. बास झाला आता."

मागे सून कृतिका डोळे पुसत होती. पुढची तारीख सोमवारची होती आणि शकूताईने जायचं नाही असं ठरवून टाकलं होतं.

मी खाली येईपर्यंत बातमी वहिनींना पोचली होती. त्या जिन्यातच उभ्या.

"नाही म्हणाली?"

"नाही म्हणाल्या."

"म्हणणारच. अक्कल कधी होती तिला?" एवढं बोलून त्यांनी नाक पुसलं, मग माझ्यावरच ओरडल्या, "तुम्ही पाकिटं कसली वाटता? लग्न आहे का तिचं? सगळ्यांच्या माळ्यावर आहेराची भांडी पडलीत. कोरीच्या कोरी. रविवारी खाली पार्किंगमध्ये सेल लावायचा. तिला सांगायचं लिफ्टसाठी चाललाय."

लिफ्ट आमची दिवाळीपासून बंद आहे, त्यामुळे ही थाप कुणालाही पटण्यासारखी होती. पैसे परस्पर कृतिकाकडे द्यायचे ठरले. इंजेक्शनाला सासूबाईंना न्यायचं कसं, ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. वहिनी म्हणाल्या, "उचलून नेऊ."

आणि खरोखर भांडी निघाली. ठाण्यातल्या मराठी माणसाच्या माळ्यावर काय काय असतं, हे त्या रविवारी मला कळलं. लेमन सेट, हंडे, कॅसरोल, डब्यांची चळत, समया, इडलीपात्रं. तळमजल्यावर टेबलं कमी पडली. वहिनींनी स्वतःचं घंगाळही खाली आणलं. "दुसऱ्यांना आणायला लावायचं आणि आपलं लपवायचं, हे मला जमत नाही," म्हणाल्या. नाव भिंतीकडे करून ते सगळ्यांच्या मागे ठेवलं आणि वर चिठ्ठी लावली: पाचशे रुपये.

भाऊंना गर्दी आवरायला दारात उभं केलं. कितीतरी वर्षांनी त्यांना सूर सापडला. "आत जागा आहे, दारात थांबू नका!" पहिल्या अर्ध्या तासात डेपोत गाडीची वाट बघणारी मंडळीसुद्धा आत सरकली.

आणि मग आमची मोठीच चूक उघडी पडली. आपल्याकडे आहेराचं भांडं नाव घातल्याशिवाय देत नाहीत. दुकानदार तिथल्या तिथे मशीन लावून टरटर नाव घालून देतो. देणाऱ्याला वाटतं, नाव राहील. ते राहतं, यात वाद नाही. आम्ही सगळ्यांनी भांडी पुसली, मांडली, किमती लावल्या, पण त्यावर काय लिहिलंय ते एकानेही वाचलं नव्हतं.

पहिल्यांदा वाचलं शेजारच्या दर्शनाने. "हा कॅसरोल मी तुळसाबाईंच्या सूनबाईला दिलेला! हे बघा माझं नाव! खोकंपण फोडलं नाही?"

तुळसाबाई काही कमी नाहीत. "आणि हा हंडा? तुझ्या वास्तुशांतीला आम्ही दिला होता, तो काय पाणी प्यायला खाली उतरला?"

मग जो तो आपलं नाव शोधायला लागला. एका डब्यावर एक नाव खरवडून दुसरं घातलेलं, त्याच्याखाली तिसरं. त्या एका डब्यावर तीन लग्नं झाली होती. डेपोतली माणसं भांडं उचलायची, वाचायची आणि परत ठेवायची. एक गृहस्थ ताट न्याहाळत म्हणाले, "कैलासवासी धाकू रेडीज यांच्या स्मरणार्थ. नको बाबा, यात घास कसा उतरेल?" कैलासवासी धाकू रेडीज हे माझे वडील. त्यांच्या तेराव्याला मी घरोघर ताटं वाटली होती. त्यातली बहुतेक समोर टेबलावर होती, प्लास्टिकसकट. मला भांडायचं होतं, पण मीही दर्शनाचा लेमन सेट आणून ठेवला होता.

तासाभरात विक्री शून्य आणि भांडणं सात ठिकाणी. वहिनी एकट्याच सगळ्यांवर आवाज चढवत होत्या आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता. सोमवार उद्यावर आला होता.

एवढ्यात जिन्यातून शकूताई उतरली. डोक्याला रुमाल बांधलेला, एक हात कृतिकाच्या खांद्यावर. हातातली भांडी सगळ्यांनी पटापट खाली ठेवली.

"लिफ्टसाठी एवरी भांडना?" तिने विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. भाऊंना आयुष्यात एकच गोष्ट जमली नाही, खोटं बोलणं. "लिफ्ट कसली, शकूताई," ते म्हणाले. "तुमच्या इंजेक्शनांसाठी चाललंय. पुढे या, बसायला जागा आहे."

वहिनींनी भाऊंकडे असं पाहिलं की ते दोन पावलं मागे सरकले. शकूताईचा चेहरा दगडासारखा झाला. ती पाठ फिरवून निघाली, पहिल्या पायरीवर पाय ठेवला, आणि तिची नजर भिंतीशी गेली. घंगाळ. नाव लपवलेलं होतं, पण आपलं घंगाळ तिला नावावरून ओळखायची गरज नव्हती. ती हळूहळू तिथपर्यंत गेली. चिठ्ठी उचलली. मला वाटलं, आता ही रडेल, नाहीतर वहिनींच्या डोक्यात घंगाळ घालेल. पण तेवढं उचलायची ताकद तिच्यात नव्हती.

"पाश्शे?" ती किंचाळली. "अगो मालन, तांबा हाय तो! भंगारवालाबी यापेक्षा जास्ती देल! डोला फुटला का तुजा? पाश्शेला इकतेस?"

पाच वर्षांनंतरचं ते पहिलं वाक्य.

"मग कितीला विकू?" वहिनी उसळल्या. "इथे काहीच खपत नाही! सगळ्यांची नावं आहेत!"

"नावा हायेत म्हनून तं खपल! तुना धंदा कधी कललाय? सरक."

शकूताई टेबलामागच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसली. कृतिका "आई, वर चला" म्हणत राहिली, तिने लक्ष दिलं नाही. पहिलं हाताला लागलेलं भांडं वर धरून तिने मोठ्याने वाचलं, "दर्शना चव्हाण यांजकडून. दर्शना, इकडं ये. नाय घेतलास तं हा मी भंगारात देतंय. मंग तुजा नाव भंगारवाल्याच्या गाडीवर ठान्यात फिरल. कवऱ्याला घेतेस, बोल, किती देतेस?"

दर्शनाने पर्स उघडली.

नियम साधा होता: ज्याचं नाव, त्यानं घ्यायचं. किंमत शकूताई ठरवणार. घासाघीस केली की किंमत वाढायची. आपण हौसेने दिलेली भांडी आम्ही सगळ्यांनी परत विकत घेतली, आणि दुकानापेक्षा महाग घेतली. तीन लग्नांच्या डब्यासाठी तीन घरांत चढाओढ लागली. माझी पाळी आली तेव्हा शकूताईने वरच्या ताटाचं प्लास्टिक काढून ते पदराने पुसलं. "तुजा बापूस चांगला मानूस होता," ती म्हणाली. "म्हनून तुला जास्ती लावतंय." मी घासाघीस न करता दिले. त्या रात्रीपासून आम्ही त्याच ताटांत जेवतो, आणि घास व्यवस्थित उतरतो.

दुपारी टेबलं रिकामी झाली. पैशांचा डबा शकूताईच्या मांडीवर होता. सगळे तिच्याकडे बघत होते, कारण खरा प्रश्न आता होता. घेईल का?

तिने डब्याचं झाकण लावलं. "सकालपासून बसलंय. ही माजी मजुरी," ती म्हणाली. "कुनी दान दिला असा बोलला तर बघा."

कुणी तसं बोललं नाही. कृतिका मात्र रडत रडत हसायला लागली.

मागे राहिलं ते घंगाळ. त्यावर नाव शकूताईचं. नियमाप्रमाणे तिने घ्यायचं. पण वहिनी पुढे झाल्या.

"ते माझं आहे. मी घेणार."

"तुज्या घरात जागा नाय ना?"

"नाही जागा! दिवाणखान्यात ठेवीन, त्यात बसून जेवीन, तुला काय करायचंय? किंमत सांग." वहिनींचा आवाज चिरकला. "मी तेव्हा बोलायला नको होतं, शकू. मला तोंडाला लगाम नाही. किंमत सांग."

शकूताई बराच वेळ घंगाळाच्या काठावर बोट फिरवत होती. काळुरामशेठच्या नावावर येऊन बोट थांबलं. मग ती हळू आवाजात बोलली, म्हणजे तिच्या मानाने हळू; आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं.

"मना भीती वाटते गो, मालन. त्या खुर्चीत बसवतान, सुई लावतान, आनी सूनबाय समोर रडत बसते. मना तिला समजवाय लागते. पैसं नको मना. उद्या तू चल. सगल्या इंजेक्शनांना चल. ही किंमत."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. आता ह्या रडणार, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. पण त्या सकपाळांच्या मालन होत्या.

"सगळ्या?" त्या म्हणाल्या. "रिक्षाचे पैसे तू देणार असशील तर."

"अर्धं."

"बरं. अर्धे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध आणायला निघालो तर जिन्यात दोघींचा आवाज. लिफ्ट बंद, त्यामुळे शकूताई एकेक पायरी उतरत होती आणि वहिनी तिला धरून होत्या. कठडा धरून उतर, अगो मी तुज्या जन्माआधीपासून उतरतंय, माझ्या जन्माआधी इथे जिना कुठे होता, असं प्रत्येक वळणावर चाललेलं. मला बघताच दोघी एकदम थांबल्या आणि एका सुरात म्हणाल्या, "लिफ्ट कधी दुरुस्त होणार?"

मी म्हटलं, "लगेच बघतो." मग दारात रिक्षा आली, आणि वहिनींनी आधी शकूताईला बसवलं.