मागून येणारा जय

दिवाळी महिन्यावर आली की लोटूआबा सुरतेतल्या गोडादऱ्याच्या गल्लीत लोकांचे पाय बघत फिरे. कोणाच्या टाचेला भेग पडली आहे, कोण पायरी चढताना गुडघ्यावर हात टेकतो, कोणी बोनसच्या आशेवर नवे बूट घेऊन ठेवलेत. नवे बूट दिसले की त्याचं तोंड सुटे.

"हाई काय, लगीनले चालना का? आजपासून घालीसन फिर. नहीतर डोंगरवर तुले खांदावर कोन लई जाई?"

डोंगर म्हणजे अस्तंब्याचा. खानदेशातून सुरतेला येऊन माग चालवणारी ही माणसं वर्षभर पाळ्यांमध्ये पिचत आणि दिवाळीत माग बंद झाले की उधन्याहून गाडी धरून नंदुरबारला उतरत. पुढे तळोदा, आणि तिथून सातपुड्यात पायी. थंडी तेव्हा नुकती उतरलेली असे. गवत दवाने ओलं, एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला दरी. वर ऋषीचं ठाणं. लोक सांगत की कपाळावर न भरणारी जखम घेऊन तो ऋषी अजून डोंगरात एकटा फिरतो, जखमेला तेल मागतो, आणि चुकलेल्याला वाट दाखवतो. म्हणून जो तो तेलाची बाटली बरोबर घेई.

"ऋषी वाट दखाडस," आबा म्हणे, "पन बॅटरीना सेल देस नही. ते घरथून आना."

त्याचे नियम सगळ्या टोळीला पाठ होते. दारू प्यायलेला माणूस घरी. घोंगडी आणि काठी ज्याची त्याने आणायची, मागायची नाही. अरुंद वाटेवर एकेकाने, तोंड कड्याकडे करून. दव सुकल्याशिवाय घळीत पाय टाकायचा नाही आणि उन्हं कलायच्या आत खाली यायचं. पुढे त्याच्याच कारखान्यातला हिलाल, मागे लोटूआबा. हिलालच्या पुढे कोणी धावायचं नाही, आबाच्या मागे कोणी रेंगाळायचं नाही.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे हाक. पुढून हिलाल ओरडे, "अस्तंबा ऋषी महाराज की..." त्यावर सगळ्यांनी मिळून जय म्हणायचा नाही, हे आबाने ठरवून दिलं होतं. आधी फक्त शेवटच्या माणसाने म्हणायचं. मागून त्याचा "जय!" आला म्हणजे समजायचं की रांग शाबूत आहे, मग बाकीच्यांनी काय तो गळा मोकळा करावा. नवख्याला ही भक्ती वाटे. होती ती शिरगणती.

आबा घरी एकटा. बायको सरलाबाई जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा योगेंद्र सुरतेच्या दुसऱ्या टोकाला इच्छापोरला कंत्राटावर कामाला, बायकोसह तिकडेच खोली घेऊन राहिलेला. बापाशी बोलताना तो आता अर्धं गुजराती बोले, आणि तेही मान दुसरीकडे वळवून. वर्षाचे बाकीचे दिवस लोटूआबा कोणाला लागत नसे. त्या डोंगरावर मात्र त्याच्या "जय"वाचून कोणाचं पाऊल पुढे पडत नसे. माणसाला एवढं पुरतं. आबाला तरी पुरत होतं.

पण मागांनी त्याचे कान खाल्ले होते.

मागाच्या खडखडाटात कोणी ओरडत नाही. तिथे सगळे ओठांवर बोलतात, समोरच्याच्या तोंडाकडे बघून समजून घेतात. त्यामुळे आबाचे कान कधी गेले हे कारखान्यात कोणाला कळलं नाही आणि त्यालाही कळलं नाही. कळलं ते डोंगरावर, पंच्याण्णवच्या दिवाळीत.

उतरताना धुकं आलं होतं. आबाच्या पुढे सुकदेव होता. तो आडोशाला म्हणून वाट सोडून बाजूला झाला. "आबा, थांबा," असं त्याने सांगितलं होतं म्हणे. आबाने ऐकलं नाही. तो खाली मान घालून पुढे निघून गेला आणि सुकदेव मागे राहिला. थोड्या वेळाने धुक्यात पुढच्या माणसाचा हात वर गेलेला दिसला, म्हणजे हिलालने हाक दिली असणार, म्हणून आबाने सवयीने ठणठणीत "जय!" दिला. रांग निर्धास्त चालत राहिली. सुकदेव गुरांच्या वाटेने भलतीकडे गेला. तो सापडला तेव्हा दरीच्या कडेला गवत मुठीत धरून पोटावर पडला होता आणि लहान मुलासारखा रडत होता.

कोणी आबाला एक शब्द बोललं नाही. सुकदेवही नाही. गाडीत सगळ्यांनी शेंगदाणे वाटून खाल्ले. आबा वर्षभर वाट बघत राहिला, की कोणीतरी येईल, शिव्या घालेल, गचांडी धरून विचारेल की बहिऱ्या, खोटा जय कशाला दिलास? कोणी आलं नाही. रागवायलासुद्धा माणूस जवळचा लागतो, आणि तेवढं जवळ आपल्याला कोणी उरलं नाही, हे त्याला त्या वर्षात कळलं.

पुढची दिवाळी आली. आबा सवयीने पाय बघत फिरला, पण कोणी त्याला बूट दाखवायला थांबेना. एका संध्याकाळी तो सायकलवाल्याच्या फळीवर बसला होता. रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर हिलाल, सुकदेव आणि टोळीतले बाकीचे उभे होते. मधून टेम्पो आणि रिक्षा जात होत्या. आबाला पाहिल्यावर त्यांनी आवाज खाली घेतला. आता या शहाण्यांना काय म्हणावं! सगळं आयुष्य एकमेकांचे ओठ वाचण्यात गेलेलं, पण कारखान्याबाहेर पडल्यावर तेही चारचौघांसारखे झाले. आवाज बारीक केला म्हणजे गोष्ट झाकली, असं त्यांना वाटलं. तोंडं मात्र सरळ आबाकडे होती.

"आबाले ऐकू येस नही," हिलालचे ओठ म्हणाले. "पन त्यासले सांगी कोन?"

"मी सांगाव नही भो," सुकदेव म्हणाला.

हिलालने पेल्यातला उरलेला चहा रस्त्यावर फेकला. "सांगी देऊत, यंदा टोळीच जमत नही. धनतेरसले आपू चुपचाप निंघी जाऊत."

आबाने मान फिरवून सायकलच्या चाकाकडे बघितलं. सायकलवाला पंक्चर काढत होता, आणि पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे कुठून येतात ते शोधत होता. आबाला अपमानापेक्षा एकाच गोष्टीचं वाईट वाटलं. ते खरं बोलत होते.

दोन दिवसांनी हिलाल ओट्यावर आला. समोर बसून, तोंड नीट दिसेल असं धरून म्हणाला, "आबा, यंदा कोनी येत नही. ज्यानं त्यानं गावले जानं शे."

झाकली मूठ सव्वा लाखाची. आबाने ती उघडली नाही. "बरं व्हयनं," तो म्हणाला. "मन्हा गुडघा बी कुरकुर करस. मी योगेंद्रकडे जास दिवाळीले."

हिलालच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. तो उठायला लागला तेव्हा आबाने त्याचा हात धरला.

"पुढला साल कव्हय जाशात तर," आबा म्हणाला, "सुकदेवले मांगे ठेवा."

"सुकदेवले? तो तर घाबरट शे आबा."

"म्हनीसनच. जो एकडाव मांगे राही गया, तो कोनले मांगे ठेवाव नही."

हिलालने आबाच्या हातातून हात सोडवून घेतला, पण हळूच.

धनत्रयोदशीला सकाळी आबा तेलाची बाटली घेऊन हिलालच्या घरी गेला. हिलाल दिवाळीआधीच्या शेवटच्या पाळीला कारखान्यात होता. त्याची बायको चंचल दारात पितळी भांडी घासत होती, आणि तिच्या मागे भिंतीला काठी आणि बांधलेली घोंगडी उभी होती. तिने घाईघाईने पुढ्यात परात ओढली, जणू परातीमागे घोंगडी लपणार होती.

"सूनबाई, हाई तेल ठेव," आबा म्हणाला. "मी पोऱ्याकडे चालनू. घरमा उंदरं सांडी देतीन."

चंचलने बाटली घेतली. आबा वळला. मागून तिने काही म्हटलं असेल तर ते त्याला ऐकू आलं नाही.

तो खरंच इच्छापोरला गेला. टोळीला त्याच्या डोळ्यांसमोरून चोरासारखं जावं लागू नये, एवढंच त्याच्या मनात होतं. योगेंद्रला त्याने कळवलं नव्हतं. खोलीला कुलूप होतं. शेजारीण बाहेर आली, काहीतरी बोलली, मग आबाच्या चेहऱ्याकडे बघून समोर येऊन पुन्हा बोलली, "काका, ए लोको तो कामरेज गया, सासरे."

"हा, हा," आबा म्हणाला, जसं काही त्याला ते ठाऊकच होतं. तिने पाणी दिलं. तो मुलाच्या बंद दाराच्या पायरीवर बसून राहिला. लवकर परतलं असतं तर गल्लीत टोळी भेटली असती. गाडीची वेळ टळली, तेव्हाच तो उठला.

दुसऱ्या दिवशी त्याने एक पणती लावली आणि खोलीत बसून डोंगर चढला. आता नदी ओलांडली असेल. आता घोंगड्या पांघरून दव सुकायची वाट बघत असतील; नाहीतर नसतील बघत, हिलाल उतावळा आहे. आता अरुंद वाट. आता हिलालने हाक दिली असेल. आबाचे ओठ आपोआप उघडले आणि त्याने ते मिटून घेतले. मागून जय आला की नाही, हे त्याला कसं कळणार? आणि विचारायचं तरी कोणाला? टोळी गेलीच नव्हती ना! कपाळाची जखम घेऊन फिरणाऱ्या त्या ऋषीचं त्याला आजवर कौतुक वाटे. त्या दिवशी पहिल्यांदा कीव आली. इतकी वर्षं फिरतोय, आणि ज्याला त्याला फक्त तेल मागतोय. बस जरा, असं कोणी म्हणत नाही.

दिवाळीनंतरच्या लाभपाचमेपर्यंत कारखाने बंद. ते दिवस आबाने कसे काढले ते त्याचं त्याला माहीत. गल्लीत कोणी रडत आलं का, म्हणून तो दारातून बायकांची तोंडं बघत राही.

लाभपाचमेला मागांची पूजा झाली, नारळ फुटला आणि कारखाना पुन्हा खडखडू लागला. आबाने आधी पाय बघितले. हिलालच्या पोटऱ्यांवर काट्यांचे ओरखडे होते. एकजण लंगडत होता आणि आबासमोर आला की सरळ चालायचा प्रयत्न करत होता. आबाने माग सोडून एक फेरी मारली. टोळीतले सगळे आपापल्या जागी होते. सुकदेव अगदी टोकाच्या मागावर.

आबा परतला तेव्हा त्याच्या मागाच्या चौकटीवर तेलाची बाटली ठेवलेली होती. रिकामी. शेजारी हिलाल उभा होता, डोळे लाल.

"सगळा उतरनात, आबा," त्याचे ओठ म्हणाले. "सुकदेव मांगे व्हता."

आबाने बाटली उचलून सदऱ्याच्या खिशात टाकली. तेव्हा हिलालने तोंडाशी दोन्ही हात धरले, कड्यावर धरायचा तसे, आणि त्या खडखडाटात, जिथे कान असलेला आणि नसलेला सारखाच, एकेक शब्द ओठांनी नीट पाडत हाक दिली. "अस्तंबा ऋषी महाराज की..."

आबाने तोंड उघडलं नाही. त्याने मान वळवून पार टोकाच्या मागाकडे बघितलं. सुकदेव मागाचा धोटा हातात धरून त्यांच्याकडेच बघत होता. तो क्षणभर गांगरला. आबा थांबून राहिला, नजर त्याच्या ओठांवर ठेवून.

"जय," सुकदेव म्हणाला.

आबाने ते वाचलं, मान हलवली, आणि तुटलेला धागा बांधायला खाली वाकला.